रिकाम्या थाळीचं शून्य

आमच्या फुफाजींसमोर पान अर्धं टाकून उठलेला माणूस मी पाहिलेला नाही. उठू पाहणारे पुष्कळ पाहिले. त्यांत एक मी होतो.

फुफाजी म्हणजे आमच्या आत्याबाईंचे यजमान. या नात्याला पुण्याकडे आतोबा म्हणतात, असं माझ्या बायकोचं म्हणणं आहे. ती स्वतः वर्ध्याची, पण म्हणणं पुण्याचं असतं. आमच्याकडे फुफाजीच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावली गावाच्या पुढे, वैनगंगेच्या अंगाला त्यांचं गाव. घरची धानाची शेती, दारात ट्रॅक्टर, आणि अंगानं स्वतः फुफाजी म्हणजे त्या ट्रॅक्टरला अडकवायची साखळी. इतका वाळका माणूस साऱ्या पंचक्रोशीला खाऊ घालायला निघाला होता, याचं आत्याबाईंना आयुष्यभर नवल. "जगाले कोंबते, अन् स्वतः चिमनीवानी टिपते," असं त्या येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

आसपासच्या कुठल्याही गावात लग्न असो, तेरवी असो, वाढप फुफाजींच्या हाती. त्यांना कुणी नेमलं नव्हतं. ते यायचे, बाह्या सारायचे, वरणाची बादली उचलायचे, आणि मग जो आधीपासून वाढत असेल तो आपोआप पाणी द्यायला लागायचा.

त्यांचा कायदा एका ओळीचा. पंगत एकदम बसते, एकदम उठते. कारणही एकच. पंगतीच्या टोकाला कुठे तरी एक दात नसलेला म्हातारा असतो, तो भात कालवून कालवून सावकाश खातो, आणि सगळे उठले की तो लाजून अर्ध्यावर हात धुतो. तसं होता कामा नये. म्हणून दोनशे माणसं हात वाळवत बसलेली आणि एक आजोबा निवांत वरण ओरपताहेत, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आलो. कुणाची बिशाद नव्हती उठायची.

माझी बिशाद एकदा झाली. नोकरीला नवा होतो, चंद्रपूरला दुसऱ्या दिवशी हजर व्हायचं होतं, आणि शेवटची एसटी फाट्यावर येऊन उभी होती. मी हळूच एक गुडघा वर केला. खांद्यावर हात पडला.

"काऊन उठून राह्यला बापू?"

मी म्हटलं, गाडी आहे जी.

"गाडी कुठी पळते? रोडनंच जाते ना."

एवढं बोलून ते गेले. मी खाली मान घालून भात संपवायला लागलो. पाहतो तर समोरच्या ओळीत एसटीचा कंडक्टर बसतोय आणि त्याच्या शेजारी ड्रायव्हर. मागोमाग गाडीतले उतारूही आले, कारण गाडी उभी असताना उपाशी कशाला बसायचं. त्या दिवशी चंद्रपूरची एसटी बुंदी खाऊन निघाली. ही गोष्ट मी आमच्या मुलांना इतक्या वेळा सांगितली आहे की आता ड्रायव्हरनं किती जिलेब्या खाल्ल्या तेही तीच मला सांगतात. जेवणात जिलेबी नव्हतीच, पण मी दुरुस्त करत नाही.

फुफाजी "आणखी वाढू का" असं कधी विचारत नसत. हा प्रश्नच त्यांना अपमानाचा वाटे. ते माणसाचा हात वाचायचे. पानावर आडवा धरलेला पंजा, बोटं घट्ट मिटलेली, म्हणजे खरा नकार. तिथे ते एक कणही टाकत नसत. बोटांत फट असेल तर तो नकार तोंडदेखला. फटीतून वरण जातं, असं त्यांचं शास्त्र, आणि ते खरोखर फटीतून वरण सोडत. झाडून सारा गाव या भाषेत तयार झालेला. शेतात, बाजारात, ग्रामसभेत, कुठेही फुफाजींनी दुरून सपाट पंजा हलवला की लोकांना कळे, विषय संपला.

दुसरं एक वाक्य त्यांचं ठरलेलं होतं. "वाढलेलं घ्यावं, टाकलेलं घेऊ नाई." म्हणजे कुणी मानानं समोर ठेवलं तर भाकरीचा तुकडाही घ्या, आणि कुणी दुरून भिरकावलं तर बर्फीलाही हात लावू नका. हे वाक्य एका मोठ्या सामन्यात उपयोगाला यायचं होतं, पण तोवर ते आम्ही जेवणापुरतंच समजत होतो.

उभ्यानं जेवणाऱ्या माणसाकडे त्यांना पाहवत नसे. माझ्या मेव्हण्याचं लग्न चंद्रपूरला एका मोठ्या लॉनवर होतं, बफे वगैरे. फुफाजी हातात थाळी घेऊन बराच वेळ तसेच उभे. मग सुटातल्या पाहुण्यांच्या मधोमध हिरवळीवर त्यांनी मांडी घातली. मी ओशाळून खांबाआड गेलो, कारण मेव्हण्याकडची माणसं मला ओळखत होती. थोड्या वेळानं डोकावलो, तर त्यांच्या डाव्या हाताला आमचे मोठे साहेब बसलेले, त्यांच्या पुढे आणखी कोणी कोणी, आणि समोर दुसरी ओळ धरली जात होती. केटरिंगवाल्यांची पोरं भांडी उचलून वाढायला निघाली होती. मला मात्र खांबाआडून यायला उशीर झाल्यामुळे उभ्यानं जेवावं लागलं, आणि ते फुफाजींनी बरेच दिवस मनात धरलं.

आता या माणसाचा आणि फुटबॉलचा संबंध काय? काहीही नाही. त्यांचा धाकटा मुलगा गजू गावच्या टीमचा गोलकीपर होता, तेवढाच. मुलगा खेळतो म्हणून ते मैदानावर जायचे आणि सगळे नियम आपल्या पद्धतीनं समजून घ्यायचे. ऑफसाइड म्हणजे बोलावणं यायच्या आधी जाऊन पाटावर बसणं. यात शिट्टी वाजली तर त्यात चूक काय? पिवळं कार्ड म्हणजे यजमानाची नजर, लाल कार्ड म्हणजे यजमानाचा हात. मी टीव्हीवर परदेशी सामने पाहणारा, मी त्यांना खरा नियम समजावू गेलो. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, तेच तं मनून राह्यलो ना मी.

तर झालं असं, की एका उन्हाळ्यात गावात लग्न होतं आणि फाट्यावर एक मोठी बस बंद पडली. बसमधून एकाच रंगाच्या पोशाखातली वीसेक धडधाकट पोरं उतरली आणि सावली शोधत उभी राहिली. ती एका व्यावसायिक फुटबॉल क्लबची टीम होती. गडचिरोलीला कसल्याशा उद्घाटनाला येऊन परत निघाली होती. पगार घेऊन खेळणारे, खाण्यापिण्याचा हिशोब सांगायला वेगळा माणूस सोबत असणारे खेळाडू. फुफाजींना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वीस माणसं जेवणाच्या वेळी उभी दिसली.

त्यांच्या त्या हिशोबाच्या माणसानं सांगून पाहिलं की आमची मुलं फक्त उकडलेलं खातात. फुफाजी म्हणाले, भात काय भाजते का जी आमी? विषय तिथेच मिटला. पोरं पळसाच्या पत्रावळींवर बसली. भात, वरण, वांग्याचा रस्सा, वडे, बुंदी. त्यांचा कप्तान कोल्हापूरचा निघाला, खांद्यानं रुंद, बोलायला मोकळा. त्यानं पंजा आडवा धरला, फुफाजींनी फट पाहिली, आणि पुढचं सांगायला नको. निघताना कप्तान फुफाजींच्या पाया पडला.

"मामा, असलं जेवान आमच्या तिकडं बी न्हाई मिळायचं. काय बी सेवा असली तर सांगा."

हे वाक्य आपण सगळेच म्हणतो. मी आठवड्यातून एकदा तरी म्हणतो आणि कुणी सेवा सांगू नये म्हणून लगेच चपला घालतो. फुफाजींनी ते खरं धरलं.

"मंग या एक दिस. आमच्या पोट्ट्यायसंग एक म्याच खेळा."

कप्तान हसला. मग फुफाजी हसत नाहीत हे पाहून त्यानं मान डोलावली. आणि त्या कोल्हापूरच्या पोराचं मला कौतुक वाटतं ते याचं, की धान कापून झाल्यावर, थंडीत, दोन सामन्यांच्या मधल्या सुट्टीत तो खरोखर सगळी टीम घेऊन आला.

तोवर आमच्या गावची हवा बदलली होती. आमच्या पोरांनी तालुक्याचा कप जिंकला होता. गजूवर तीन सामन्यांत एकही गोल झाला नव्हता, त्यामुळे तो चालतानासुद्धा हात पसरून चालायचा. चंद्रपूरहून त्यानं नवे हातमोजे आणले होते. गावात असं बोललं जाऊ लागलं की पगारी असले तरी दोनच पाय आहेत त्यांना. फुफाजींनी आजूबाजूच्या सगळ्या गावांना बोलावणं धाडलं. म्याच पहा अन् जेवून जा. गावाचा शब्द, गजूचं नाव आणि फुफाजींची पंगत, तिन्ही एकाच दिवशी मांडून ठेवलं.

मैदान म्हणजे बैलांचा पट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, जिथे होते ते. लांबलचक, आणि नदीकडे उतार. नाणेफेक आम्ही जिंकली आणि पहिल्या अर्धात उतारानं खेळायचं ठरवलं. म्हणजे आधी भराभरा गोल करून घ्यायचे, नंतर चढावर ते राखायचे. हा बेत माझा होता. मी खास चंद्रपूरहून आलेला, टीव्ही पाहणारा, म्हणून मला विचारलं होतं. शिवाय मला गोलफलकाचं काम दिलं, कारण माझं पोट पाहून दुसरं काही देण्यासारखं नव्हतं.

फलक म्हणजे दोन खांबांना ठोकलेली एक फळी आणि तिला खिळे. आकड्यांसाठी पटातल्या बैलजोड्यांचे नंबर रंगवलेले पत्रे होते, शून्यापासून नवापर्यंत, प्रत्येकी एक. सुरुवातीलाच अडलं. दोन्ही बाजूंना शून्य लावायचं आणि शून्य एकच. पाहुण्यांना मी पत्र्याचं शून्य दिलं आणि आपल्या बाजूला आत्याबाईंची स्टीलची एक रिकामी थाळी सुतळीनं बांधून टांगली. लांबून शून्यासारखीच दिसायची, वर उन्हात चकाकायची. मी माझ्या कल्पकतेवर खूश होतो. आत्याबाई म्हणाल्या, लवकर उतरव बापू, जेवाले लागन ते.

ती काही लवकर उतरली नाही.

पहिला गोल झाला तेव्हा आमचे काही जण अजून नदीकडे तोंड करून उभे होते. दुसरा मी पाहिला नाही, कारण पहिल्याचा पत्रा लावत होतो. पुढे पुढे मी पत्रा लावून वळेपर्यंत दुसरा काढावा लागायचा. उतार आमच्या बाजूचा होता हे खरं, पण चेंडू आमच्याकडे आला तर त्याचा उपयोग. त्यांची पोरं चेंडू एकमेकांना असा देत, जसं घरात मीठ देतात, न बघता. आमची पोरं त्याच्यामागे धावून धावून लाल झाली. गजू डावीकडे झेपावला की चेंडू उजवीकडून जाई, उजवीकडे झेपावला की दोन पायांमधून. बिचारा हुशार होता, एकदा मुद्दाम कुठेच झेपावला नाही, तर डोक्यावरून गेला.

मध्यंतराच्या जरा आधी दहावा झाला. मी एक आणि शून्य लावले. एवढ्यानं झालं नाही. अकरावाही लगेच झाला, आणि एकचा दुसरा पत्रा माझ्याकडे नव्हता. मी कुणाची तरी बैल हाकायची पराणी घेतली आणि ती एक म्हणून उभी बांधली. लोक हसले. आधी फलकाकडे बघून हसले, मग गजूकडे. आणि मग एकेक करून उठायला लागले. धोतरं झटकली जाऊ लागली, मोटारसायकली सुरू होऊ लागल्या. कुणी म्हणालं, पाहाले काय राह्यलं आता.

मध्यंतराची शिट्टी झाली आणि गजू फलकाखाली येऊन बसला. सावली तिथेच होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं. त्यानं नवे हातमोजे काढून जमिनीवर ठेवले.

"बाबा, मी उठतो."

फुफाजी त्याच्यासमोर उकिडवे बसले. "पान अर्धं आहे."

"पुरे झालं जी. पोट भरलं माह्यं. आजपासून खेळनंच बंद. टीमही बंद करून टाकतो."

"तुह्यं भरलं. पंगतीचं नाई भरलं."

"लोकं हासून राह्यले."

"हासतेच ना बापा. जेवतानी ठसका लागला तं लोकं हासते. मनून कोनी ताटावरून उठते काय?"

गजू मातीत बोटानं रेघा मारत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, "तुमाले नाई समजत. बाकीचे दहा जन समोर राह्यते. मी एकटाच मांगं राह्यतो."

फुफाजी उठले. मी त्यांना जवळून पाहत होतो. त्यांचा चेहरा तसा झाला होता, जसा पंगतीच्या टोकाला कुणी एकटं राहिलेलं दिसलं की व्हायचा. ते तडक जेवणाच्या मंडपातल्या माइकवाल्याकडे गेले आणि त्याच्या हातातला माइक घेतला. ओरडले नाहीत. पंगतीत बोलत तसंच, हळू बोलले.

"पंगत उठली नाई अजून. जो आता उठन, त्यानं पुढं माह्या बादलीखाली पान मांडू नाई."

सुरू झालेल्या मोटारसायकली बंद झाल्या. पंचक्रोशीत पुढची तीस वर्षं लग्नं होणार होती, आणि वरणाची बादली कुणाच्या हाती असणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. माणसं परत बसली. काही तर मघाच्यापेक्षा पुढे येऊन बसली.

मग फुफाजींनी मंडपातली एक प्लास्टिकची खुर्ची उचलली, चढ उतरून आमच्या गोलपर्यंत नेली आणि खांबाच्या बाजूला, रेषेच्या बाहेर मांडली. रेफरी होते आमच्या शाळेचे खेळाचे मास्तर. ते धावत आले. असं बसता येत नाही म्हणाले. फुफाजींनी त्यांना विचारलं की मी खेळून राह्यलो काय? मास्तर म्हणाले, नाही. बोलून राह्यलो काय? नाही. मंग? मास्तर मागे सरले. फुफाजी खुर्चीत बसले आणि गजूला लांबूनच म्हणाले, "ये. आता दोघं झालो."

गजूनं हातमोजे उचलले. मला वाटतं, बापाला तिथे एकटं बसलेलं पाहून तो गेला. पण हे मी त्याला कधी विचारलं नाही.

दुसरा अर्ध सुरू झाला आणि काही तरी बिघडलं. आता चढावर खेळणारे आम्ही, तरी आमच्यावर गोल होईनात. पहिल्यांदा आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझ्यासारख्या मूर्खाच्याही लक्षात आलं. पाहुणे मारतच नव्हते. आपसात चेंडू फिरवत होते, गोलजवळ आले की मुद्दाम बाजूनं काढत होते. त्यांच्या हिशोबाच्या माणसानं बाहेरून हातानं "सावकाश, सावकाश" अशी खूण केली होती, ती मी पाहिली. माणूस वाईट नव्हता. त्याला दया आली होती.

आणि मग कप्तानानं, त्या कोल्हापूरच्या भल्या पोरानं, स्वतःच्याच गोलसमोरून चेंडू हळूच घरंगळत आमच्या फॉरवर्डकडे सोडला. आमचा फॉरवर्ड म्हणजे गावातला सायकलवाला, पन्नाशीला टेकलेला भाऊराव, तालुक्याचा कप त्याच्याच पायानं आलेला. त्यांचा गोलकीपर बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. बांधलेली नाडी सोडून बांधायला लागला. समोर उघडा गोल, मध्ये भाऊराव आणि चेंडू. सारं मैदान उभं राहिलं. मी तर आत्याबाईंची थाळी सोडायला सुतळीला हात घातला आणि एकचा पत्रा इकडे की तिकडे याचा विचार करू लागलो.

भाऊराव थांबला. चेंडूवर पाय ठेवून त्यानं मागे पाहिलं, सगळं मैदान ओलांडून, खुर्चीकडे. आमच्या गावात पानावर काही विचित्र आलं की माणूस तिकडेच बघतो.

फुफाजी खुर्चीतून उठले होते. त्यांनी हात लांब केला आणि पंजा आडवा धरला. बोटं घट्ट मिटलेली.

भाऊरावनं एकदा उघड्या गोलकडे पाहिलं. आयुष्यात परत असा गोल मिळायचा नव्हता त्याला. त्यानं चेंडू बाजूला मारला, मैदानाबाहेर, आणि कमरेवर हात ठेवून उभा राहिला. तो चेंडू उतारावरून नदीकडे जो गेला, त्याला आणायला मोटारसायकल पाठवावी लागली.

फुफाजी मैदानात शिरले. मास्तरांनी शिट्टी वाजवली, पण सवयीनं, मनापासून नाही. कप्तान मोठ्या माणसाचा मान राखून अर्ध्यापर्यंत सामोरा आला. दोघं माझ्या फलकासमोर भेटले.

"पावने, तुमी आमच्या गावात जेवले, तवा आमी पातळ वरन वाढलं होतं काय?"

कप्तानानं मान हलवली. "न्हाई मामा."

"अर्धं पोट ठेवून उठवलं होतं?"

"न्हाई मामा."

"मंग तुमी आमाले काऊन असं टाकून राह्यले? वाढाचं तं बरोबर वाढा ना बापा. आमचं पोट्टं तिथी उभं आहे. त्याले कमी भूक लागली असं समजू नका."

कप्तान खाली वाकला. मग त्यानं फुफाजींच्या गुडघ्याला हात लावला, वळला, आणि आपल्या पोरांना काही तरी म्हणाला. काय म्हणाला ते कळलं नाही, पण नाडीवाला गोलकीपर ताडकन सरळ झाला.

पुढचं मी कसं सांगू? बारावा, तेरावा, चौदावा. आता ते खरे खेळत होते आणि काय सुंदर खेळत होते. आमचे लोक त्यांच्या गोललाही दाद द्यायला लागले, वांग्याच्या रश्श्याला देतात तशी, तोंडानं चक्‌ करून. आणि गजू. त्याला कुणी आता फसवत नव्हतं, कुणी सोडत नव्हतं. प्रत्येक चेंडू पूर्ण जोरानं येत होता आणि तो प्रत्येकाला सामोरा जात होता. एक त्यानं बोटांच्या टोकांनी वर काढला. एक छातीवर घेतला. पंधरावा आणि सोळावा झाले, पण ते गेले तेव्हा लोक हसले नाहीत. प्रत्येक गोलनंतर तो चेंडू काढायला जाळ्यात जायचा आणि खुर्चीवरून फुफाजी म्हणायचे, जेव बापा, जेव. एवढंच.

शेवटाला कप्तानच चेंडू घेऊन आत आला. समोर फक्त गजू. त्यानं मारला तो पाहुण्यानं यजमानाच्या घरी हात राखून मारावा तसा नव्हताच. गजू आडवा झाला. चेंडू त्याच्या हातमोज्याला लागला, तिथून खांबाला, खांबावरून फुफाजींच्या खुर्चीला, आणि बाहेर. खुर्ची उलटली. फुफाजी त्याआधीच उभे राहिले होते, म्हणून वाचले.

कप्तानानं दोन्ही हातांनी डोकं धरलं. टीव्हीवर पाहतो तसं. ते डोकं धरणं खोटं नव्हतं, हे शेवटच्या ओळीत बसलेल्या म्हातारीलाही कळलं. मैदानावर जो आवाज उठला तो मी तालुक्याच्या कपाच्या वेळी ऐकला नव्हता. मास्तरांनी शिट्टी वाजवली आणि पोरांनी गजूला खांद्यावर घेतलं. सोळा गोल खाल्लेला गोलकीपर खांद्यावरून मिरवत निघाला, पाहुणे टाळ्या वाजवत मागे, आणि पुढे जाणाऱ्या भाऊरावला कुणी तरी विचारत होतं की काय गा, टाकलेला तरी मारायचा होतास. तो म्हणाला, मले जेवाचं आहे ना इथी, पुढं बी.

माझी बायको म्हणते, गोल सोळा नव्हते, सतरा होते. ती त्या दिवशी वर्ध्याला होती.

आता फुफाजींचे गुडघे गेले. खुर्चीवर बसून, बादली शेजारी ठेवून ते वाढतात, माणसंच त्यांच्यापुढून पान घेऊन सरकतात. फुटबॉलची टीम अजून आहे. गजू नव्या पोरांना शिकवतो, आणि पहिली गोष्ट ही शिकवतो की गोल झाल्यावर चेंडू काढायला आपण स्वतः आत जायचं. पण त्या दिवसाचं अजून थोडं राहिलं आहे.

दिवेलागणीला पंगत बसली. आजूबाजूच्या सगळ्या गावांची माणसं, दोन्ही टीम, मास्तर, हिशोबाचा माणूस, सगळे एका मंडपात. कप्तान गजूशेजारी बसला. त्याच्यापुढे पत्रावळ मांडू लागले तेव्हा फुफाजींनी हातानं थांबवलं. ते माझ्या फलकापाशी आले, सुतळी सोडली, आत्याबाईंची थाळी धोतराच्या सोग्यानं पुसली, आणि ती नेऊन कप्तानापुढे ठेवली.

"हे दिवसभर रिकामी होती," ते म्हणाले. "आता रिकामी राह्यली नाई पाह्यजे."

भात आला. वरण आलं. रस्सा, वडे, परत भात. कप्तान पहिल्यांदा हसत जेवला, मग गप्प बसून जेवला, मग कमरेचं नाडं सैल केलं. गावातलं एकही माणूस आपल्या पानाकडे बघत नव्हतं. आजूबाजूच्यांचं आटोपलं होतं, हात वाळत होते, आणि सगळे कप्तानासाठी थांबून होते. बुंदीची बादली तिसऱ्यांदा आली तेव्हा त्यानं दोन्ही पंजे थाळीवर आडवे धरले.

"मामा, आता खरंच बास. दया करा."

फुफाजी वाकले. त्यांनी चष्मा सारखा केला आणि पंजे नीट निरखले. शेजारून गजूनं गंभीरपणे सांगितलं, "फट आहे, बाबा."

बुंदी फटीतून गेली.

"अवो मामा, संपला की आता सामना," कप्तान कळवळून म्हणाला.

"कुठी संपला?" फुफाजी म्हणाले. "शिट्टी वाजली नाई अजून."

कप्तानानं केविलवाणं होऊन मास्तरांकडे पाहिलं. शिट्टी मास्तरांच्या गळ्यातच होती, पण तोंडात बुंदी होती.